ढोबळी मिरची : दिसायची आणि खायची

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, मुद्रणासाठी किरकोळ फेरफार करून)



या मालेत संतसाहित्यावर व्याख्यानं होतात, राज्यघटनेवर होतात, इतिहासावर तर दरवर्षी होतात. ढोबळी मिरचीवर तासभर बोलायला माणूस बोलावण्याचं धाडस यंदा कार्यवाहांनी केलं. त्यांचे आभार आत्ताच मानून टाकतो. व्याख्यान संपल्यावर ते मला ओळख देतील याची खात्री नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते पेशाने शिक्षक होते. शिक्षकाच्या स्मृतीला शोभेल असं एकच काम मला जमतं. साधा प्रश्न घ्यायचा आणि त्याचा पिच्छा सोडायचा नाही. आजचा प्रश्न असा : चांगली ढोबळी मिरची कुठली?

मार्केट यार्डात विचारा. अडत्या सांगेल, कडक हवी, चकाकी हवी, देठ हिरवागार हवा, तीन-चार कप्पे नीट पडलेले हवेत आणि बूड सपाट हवं. शेतकरी म्हणेल, वजन भरणारी. बियाणं कंपनीचा माणूस म्हणेल, सगळी फळं एकसारखी आणि लांबच्या प्रवासात न चेपणारी. आणि आम्हा संशोधकांना विचारलंत तर? माझी सगळी नोकरी भाजीपाला पिकांच्या संशोधनात गेली. आमच्या अहवालात 'गुणवत्ता' असं शीर्षक असायचं आणि त्याखाली फळाची लांबी, घेर, सालीची जाडी, सरासरी वजन. तक्ता अगदी सुबक. पण या सगळ्या उत्तरांत, ही वस्तू शेवटी कुणाच्या तरी ताटात जाणार आहे, याचा पत्ता लागतो का? चांगली आहे, मान्य. पण कोणासाठी चांगली?

हा प्रश्न घेऊन आज आपण हंगेरीतल्या एका प्रयोगशाळेत जाऊ, आपल्याकडच्या पॉलिहाऊसमध्ये जाऊ, स्पेनच्या किनाऱ्यावर जाऊ आणि तुमच्या स्वयंपाकघरातही डोकावू.

आधी थोडं कूळ पाहू. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस पहिल्या सफरीवरून १४९३ साली परतला तेव्हा ती स्पेनला पोचली, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्याला उतरली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात मिरची नव्हती, तिखटपणासाठी मिरी होती. हे सांगितलं की अजूनही सभागृहात कोणी ना कोणी दुखावतं. ढोबळी मिरची आणि आपली ठेच्याची मिरची, दोघींचं शास्त्रीय नाव एकच : कॅप्सिकम ॲन्युअम. ढोबळीत एका जनुकाचा तुकडा गळून पडलेला आहे, तिखटपणापुरता एवढाच काय तो फरक. २००५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तो जनुक नेमका दाखवून दिला. त्याला 'पन-१' म्हणतात. तो धड असला तर तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तयार होतं, मोडका असला तर होत नाही. म्हणून तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर ढोबळीला शून्य गुण मिळतात.

इथे एक जुना समज आडवा येतो. अनेक शेतकरी सांगतात, तिखट मिरचीच्या शेजारी ढोबळी लावली की ढोबळी तिखट होते. होत नाही. फळाची साल आणि आतला पांढरा गर हे झाडाचं स्वतःचं अंग आहे, परागाचा त्यावर हक्क नाही. पराग परका असेल तर बी संकरित होतं. ते बी पुढच्या वर्षी पेरलंत तर मात्र झटका बसेल, कारण धड जनुक मोडक्यावर मात करतो. आणि जाता जाता, तिखट मिरचीतसुद्धा तिखटपणा बियांत तयार होत नाही. बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात होतो. बिया शेजारधर्माने तिखट लागतात.

आता हंगेरी. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे नाव शाळेतल्या पुस्तकात आलं असेल किंवा नसेल. १९२०च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजमध्ये काम करताना या माणसाने प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतून आणि संत्री, कोबी यांतून एक पांढरा स्फटिक पदार्थ वेगळा केला. नाव दिलं हेक्झ्युरॉनिक आम्ल. हेच ते स्कर्व्ही रोग बरा करणारं द्रव्य असावं, असा संशय पुढे बळावला. स्कर्व्ही म्हणजे हिरड्यांतून रक्त, निखळणारे दात, खलाशांची स्मशानं. पण सिद्ध करायला पदार्थ भरपूर हवा, आणि तो मिळायचा चिमूटभर. संत्र्याच्या रसातली साखर शुद्धीकरणात आडवी यायची. ग्रंथी मिळवायच्या तर कत्तलखान्याचे उंबरठे झिजवायला लागायचे.

तोवर ते मायदेशी, सेगेद शहरात प्राध्यापक झाले होते. सेगेद म्हणजे पाप्रिकाचं गाव, जशी आपल्याकडे सांगली हळदीची. पुढची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. एका रात्री बायकोने जेवायला ताजी पाप्रिका वाढली. खायची इच्छा नव्हती, आणि तसं बायकोला तोंडावर सांगायची हिंमतही नव्हती. इथे बसलेल्या नवरेमंडळींना ही अवस्था समजावून सांगायला नको. एकदम त्यांच्या डोक्यात आलं, ही एक भाजी आपण तपासलेलीच नाही. ती उचलून ते प्रयोगशाळेत गेले, आणि मध्यरात्रीपर्यंत कळलं की हे क जीवनसत्त्वाचं भांडार आहे. थोड्या आठवड्यांत दीड किलोच्या आसपास शुद्ध स्फटिक हाताशी आले. गिनीपिगांवरच्या प्रयोगांत ते चाललं, शंका फिटली, आणि द्रव्याचं नाव ॲस्कॉर्बिक आम्ल झालं. १९३७ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ब्रिटनच्या हॉवर्थ यांचा वाटा होता. या द्रव्याची रेण्वीय रचना उलगडण्याचं काम त्यांचं.

ही गोष्ट गमतीची म्हणून सगळे सांगतात. मी वेगळ्या कारणासाठी सांगतो. ढोबळी मिरचीच्या घराण्याला जगात मान मिळाला तो तिच्या पोटात काय आहे यावरून. तिची लांबी किती, घेर किती, हे सेगेदला कोणी विचारलं नाही. आपण मात्र नंतरची कित्येक दशकं तेवढंच विचारत बसलो.

आणखी एक धागा सांगतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का बसंत' नावाचं वाण काढलं. ते 'शोरोक्शारी' या हंगेरियन वाणातून निवड करून सुधारलेलं आहे. शोरोक्शार हा बुडापेस्टचाच एक भाग. तेव्हा हंगेरीशी आपलं नातं अगदीच सुतावरून स्वर्गाला गेल्यासारखं नाही.

आता जरा मिरची हातात घेऊन पाहा. हिरवी घ्या. उभी चिरा. आधी नाकाला काय जाणवतं? तो हिरवट, जरासा कच्चा, कुठल्याही दुसऱ्या भाजीला नसलेला वास. पावभाजीच्या गाडीपासून पन्नास पावलांवर जो आपल्याला ओढून घेतो, त्यातला मोठा वाटा याचा. १९६९ साली कॅलिफोर्नियात अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत बटरी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या वासाचं द्रव्य ओळखलं. मेथॉक्सीपायराझिन कुळातलं ते एक संयुग. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत दोन भाग असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. नाकाची ही ताकद ऐकून मी तरी थक्क झालो होतो. फळ पिकत जातं तसं हे द्रव्य कमी होतं, म्हणून लाल मिरचीला तो उग्र वास नसतो.

म्हणजे मुद्दा निघालाच. हिरवी ढोबळी आणि लाल ढोबळी ही वेगळी पिकं नाहीत. हिरवी म्हणजे पूर्ण वाढलेली पण न पिकलेली. तीच झाडावर ठेवली की हरितद्रव्य ओसरतं, कॅप्सँथिन नावाचं लाल रंगद्रव्य भरतं, साखर वाढते. पिवळ्या वाणात ते लाल द्रव्य करणारी शेवटची पायरी बंद असते, म्हणून ते फळ पिवळ्यावर थांबतं. इतकंच. आपण पेरू कच्चा खात नाही, टोमॅटो हिरवा क्वचित खातो, पण ढोबळी मात्र देशभर कच्चीच खातो, आणि पिकलेल्या ढोबळीला 'फॅन्सी भाजी' समजतो.

पोटात काय बदलतं? शंभर ग्रॅम हिरव्या ढोबळीत क जीवनसत्त्व साधारण ८० मिलिग्रॅम असतं. लाल झाल्यावर ते सव्वाशेच्या पुढे जातं. संत्र्यात पन्नास-पंचावन्न. आपल्या देशातल्या आहारशिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम पुरतं. बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व करतं, ते लाल फळात हिरव्याच्या सात-आठपट भरतं. एक बाजू उलटीही आहे, ती लपवत नाही. स्पेनमधल्या मुर्सिया इथल्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं की फेनॉल वर्गातली द्रव्यं अगदी कोवळ्या हिरव्या फळात सर्वात जास्त असतात आणि पिकताना घटतात. म्हणजे हिरवी मिरची टाकाऊ नव्हे. पण जीवनसत्त्वांचा हिशेब मांडला तर पारडं लालकडे झुकतं.

आणि भुलून जाऊ नका. पेरूत क जीवनसत्त्व दोनशेच्या वर आहे आणि आवळ्याचं तर विचारूच नका. ज्यांच्या परसात पेरू आहे त्यांनी केवळ जीवनसत्त्वासाठी महागडी लाल ढोबळी आणली तर मी त्यांना शहाणं म्हणणार नाही. ढोबळीचं महत्त्व तिथे नाही. ती बारा महिने मिळते, कच्ची खाता येते आणि मुलं कुरकुर न करता खातात, हे तिचं बळ.

मग साधा प्रश्न. लाल इतकी बरी, तर बाजारात हिरवीच का?

चला पॉलिहाऊसमध्ये. पुणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांत दहा-वीस गुंठ्यांची अशी शेकडो पॉलिहाऊस आहेत. सकाळी आत शिरलात की माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीची झाडं दिसतात, प्रत्येक फांदी सुतळीने वरच्या तारेला बांधलेली. झाडाला दोन किंवा चार फांद्या ठेवतात, बाकीचे फुटवे सतत खुडत राहतात. पहिल्या बेचक्यातलं फूल तर मुद्दाम काढून टाकतात, नाही तर ते एकच फळ धरून बसतं आणि झाड वाढत नाही. तोडा करणाऱ्या बायका खाली वाकून, मग वर बघत ओळीतून सरकतात. देठ कात्रीने कापतात, कारण पिळून ओढलं तर फांदी चिरते. ढोबळीचं झाड फार ठिसूळ. फळ हातात आलं की देठाजवळच्या खांद्यावर अंगठा दाबतात. तिथे जराही दबलं तर ते फळ वेगळ्या क्रेटमध्ये. बघत राहावी अशी, यंत्राला लाजवणारी प्रतवारी असते ती.

या झाडाचं गणित ऐका. फूल उमलल्यापासून पूर्ण हिरवं फळ व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. लाल व्हायला त्यावर आणखी दोन-तीन आठवडे, थंडीत त्याहून जास्त. तेवढे दिवस ते फळ झाडावर बसून खातं. आणि झाड काय करतं? झाडाकडे अन्न मोजकं. अंगावर वाढती फळं जास्त असली की ते नवी फुलं आणि बारीक कळ्या गाळून टाकतं. ही फुलगळ रोगाची नाही, उपाशीपणाची आहे. मग जुनी फळं तोडली की एकदम सेटिंग होतं, सगळी फळं एकदम येतात, पुन्हा फुलगळ. शेतकरी म्हणतो, "साहेब, माल लाटांनी येतो." नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात हीच लाट वर्षानुवर्षं अभ्यासली गेली. तिथले काचघरवाले कर्बवायू सोडतात, तापमान संगणकावर ठेवतात, आणि तरीही माल लाटांनीच येतो! तिथल्याच एका अभ्यासात दिसलं की बी न धरता वाढणारी फळं असली तर लाट मंदावते आणि फळाचं बूड काळं पडण्याचं प्रमाणही घटतं. कारण पोटात वाढणारं बी झाडाकडून सर्वात जोराने ओढून घेतं.

आता हिशेब तुम्हीच करा. फळ लाल होईपर्यंत ठेवायचं म्हणजे तोडे कमी, एकूण किलो कमी, आणि त्या दोन-तीन आठवड्यांत फुलकिडे, लाल कोळी, भुरी, ऊन लागून पडणारे पांढरे डाग, या सगळ्यांना संधी. जोखीम कोणाची? शेतकऱ्याची. भाव जास्त मिळतो, खरं. पण कोण देतं? हॉटेलं, पिझ्झावाले, लग्नाचे केटरर. २०२० च्या टाळेबंदीत ही तिन्ही गिऱ्हाइकं एका दिवसात गायब झाली आणि रंगीत मिरची पॉलिहाऊसमध्ये लटकत राहिली. त्या वेळी एक गोष्ट उघडी पडली. पिकलेली ढोबळी आपल्या घरांसाठी पिकत नव्हतीच. ती सजावटीसाठी पिकत होती. ज्या पोरांना जीवनसत्त्वांची गरज, त्यांच्या ताटात ती पोचलीच नव्हती.

बूड काळं पडण्याविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण यावर आपल्या शेतकऱ्यांचा फार पैसा वाया जातो. दुकानदार सांगतो, कॅल्शियम कमी पडलं, ही बाटली घ्या. अहो, आपल्या काळ्या जमिनी चुनखडीच्या, कॅल्शियमची कमतरता कुठली? कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर फिरतं. पानं भरपूर पाणी उडवतात, म्हणून प्रवाह पानांकडे. फळ फारसं पाणी उडवत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला थोडं येतं. त्यात पाण्याच्या पाळ्या चुकल्या, आज चिखल आणि चार दिवसांनी भेगा, की फळाचं टोक मरतं. बाटलीपेक्षा ठिबकची वेळ सांभाळा. अतिरिक्त नत्रही कमी करा. त्याने पाला माजतो, आणि पिकातलं क जीवनसत्त्वही उतरण्याकडे कल असतो.

काढणीनंतरचं थोडक्यात सांगतो, अध्यक्षांचं घड्याळाकडे लक्ष गेलेलं मी पाहिलंय. ढोबळी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. निम्म्याहून जास्त रंग चढल्यावर तोडली तर पुढे थोडी रंगेल. पूर्ण हिरवी तोडली तर टोपलीत ठेवून ती लाल होणार नाही, फक्त सुरकुतेल. तिला ७ ते १० अंशांचा गारवा मानवतो. त्याखाली बरेच दिवस राहिली तर सालीवर खड्डे पडतात, म्हणजे घरच्या फ्रिजच्या सर्वात थंड खणात ती आठवडेच्या आठवडे ठेवू नये. वजन पाच टक्के घटलं की कडकपणा जातो. इस्रायलच्या व्होल्कानी संस्थेत १९९९ च्या सुमाराला फालिक यांनी एक पद्धत बसवली : ५५ अंश तापमानाच्या पाण्याचा फवारा, खाली ब्रश, आणि फळ जेमतेम बारा सेकंद त्याखाली. धूळ जाते, कुज कमी होते, कुठलंही बुरशीनाशक लागत नाही. गरम पाणी आणि ब्रश! संशोधन म्हटलं की महागडं यंत्रच हवं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता स्पेन. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर आल्मेरिया नावाचा प्रांत आहे. पाऊस नावाला. तिथे तीस हजार हेक्टरांहून जास्त जमीन प्लॅस्टिकखाली आहे. अवकाशातून पांढरा पट्टा दिसतो. हिवाळ्यात युरोपला ढोबळी मिरची इथून जाते. फुलकिड्यांनी तिथे उच्छाद मांडला होता. ही कीड नुसती रस शोषत नाही, रोगाचे विषाणूही वाहून नेते. औषधं मारून मारून ती औषधांना जुमानेनाशी झाली. मग जास्त फवारण्या, मग आणखी जालीम औषध. ओळखीची वाटते ना गोष्ट? २००६ च्या हिवाळ्यात जर्मनीत तपासणी झाली आणि स्पेनच्या मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल नावाचं, वापराला परवानगीच नसलेलं कीटकनाशक सापडलं. जर्मन दुकानांनी पाठ फिरवली. मिरची दिसायला तशीच होती. कडक, चकचकीत, चार कप्प्यांची. अडत्याच्या कसोटीवर पहिल्या नंबरची. पण कोणासाठी चांगली?

पुढे जे झालं ते शेतीच्या इतिहासात क्वचित होतं. तोवर मोजक्या बागांत असलेली जैविक कीड नियंत्रणाची पद्धत दोनेक हंगामांत तिथल्या बहुतेक ढोबळी मिरचीवर पसरली. शस्त्रं दोन. एक ओरियस नावाचा चिमुकला, ढेकणाच्या गोतातला कीटक, जो फुलकिडे भोसकून खातो. दुसरा अँब्लिसियस स्विर्स्की नावाचा परभक्षी कोळी, जो फुलकिड्यांची पिल्लं आणि पांढरी माशी दोन्ही फस्त करतो. तो विक्रीला आला होता जेमतेम २००५ साली, म्हणजे गरजेच्या अगदी तोंडावर. कागदी पुडीत कोंडा, कोंड्यात त्याचं खाद्य आणि तो. पुडी झाडाला टांगायची, बारीक भोकातून तो हळूहळू बाहेर पडत राहतो. आणि यातली खरी खुबी मिरचीच्या फुलात आहे. ढोबळीच्या फुलात पराग भरपूर. कीड नसली तर हे दोन्ही पहारेकरी परागावर जगतात, बाग सोडून जात नाहीत. कीड आली की ते हजर असतात. आणि एकदा ते बागेत नांदू लागले की शेतकऱ्याला उठसूट औषध मारता येत नाही, कारण पहिले तेच मरतात. कायद्याच्या धाकाने जे झालं नव्हतं ते असं झालं.

हे प्रेमाने झालं असं समजू नका. विकत घेणाऱ्याने माल नाकारला म्हणून झालं. आपल्याकडे विकत घेणारा काय पाहतो? चकाकी. २०२१ च्या अखेरीस आंध्र आणि तेलंगणात काळ्या फुलकिड्यांच्या नव्या जातीने मिरची उद्ध्वस्त केली तेव्हा शेतकरी हाताला लागेल ते औषध मारत होता. त्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्या मालाच्या अंगावर काय आहे हे विचारणारं गिऱ्हाईकच बाजारात नसेल, तर त्याने थांबावं कशासाठी? निर्यातीच्या द्राक्षाची आपण काटेकोर तपासणी करतो. गावच्या बाजारातल्या मिरचीची कोण करतं?

इथे कोणी विचारेल, मग सेंद्रिय घ्यावी का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मंडळींनी तीन वर्षं टोमॅटो आणि ढोबळी मिरची सेंद्रिय व पारंपरिक अशा दोन्ही पद्धतींनी वाढवून तुलना केली. ढोबळीतल्या जीवनसत्त्वांत पद्धतीमुळे फरक असा आढळला नाही. म्हणून सेंद्रिय मिरचीत जास्त सत्त्व असतं, हा प्रचार मला पटत नाही. औषधाचा अंश नको म्हणून घ्या, जमीन राखायला घ्या, ही कारणं चोख आहेत. सत्त्वासाठी घ्यायची तर पिकलेली घ्या.

स्वयंपाकघरात मात्र आनंदाची बातमी आहे. क जीवनसत्त्वाचे शत्रू दोन, उष्णता आणि पाणी. उकळून पाणी फेकलं की तेही त्याबरोबर मोरीत जातं. कॅरोटीनला मात्र अंगी लागायला तेल लागतं. आता आपली पीठ पेरून भाजी आठवा. फोडणीत मिरच्या टाकल्या, झाकण ठेवून एक वाफ, वरून डाळीचं पीठ भुरभुरवलं, परतलं, उतरवली. पाणी नाही, तेल आहे, वेळ थोडा. प्रयोगशाळेने सांगावं ते आपल्या आजीने आधीच करून ठेवलंय. फक्त त्या भाजीत निम्म्या फोडी लाल घाला. गोडसर चव डाळीच्या पिठाला फार छान जाते. भरल्या मिरचीला बराच वेळ आच लागते, तिच्याकडून क जीवनसत्त्वाची अपेक्षा ठेवू नका, चवीची ठेवा. कोशिंबिरीत कच्ची घालाल तर सर्वात उत्तम. धुऊन घ्या, चिरून धुऊ नका.

आता मागणं मागतो.

विद्यापीठातल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना : नव्या वाणाची शिफारस करताना उत्पादनाच्या रकान्याशेजारी क जीवनसत्त्व, कॅरोटीन आणि औषधांचे अंश हे रकाने छापा. पिकलेल्या अवस्थेतले छापा, आणि घरी चार दिवस ठेवल्यानंतरचे छापा. झाडावर लवकर रंगणारं, उघड्या शेतात किंवा शेडनेटखाली लाल होणारं वाण शोधा; ते मिळालं तर शेतकऱ्याचे ते दोन-तीन आठवडे वाचतील आणि लाल मिरची पॉलिहाऊसच्या बाहेर येईल.

बाजार समित्यांना : आकाराची प्रतवारी करता तशी औषधाच्या अंशांची नमुना तपासणी आवारात सुरू करा आणि निकाल फळ्यावर लावा.

आणि तुम्हाला, कारण किल्ली तुमच्या हातात आहे. भाजीवाल्याकडे लाल होत आलेली, अर्धी हिरवी अर्धी लाल मिरची असते. तिला तो 'मिक्स माल' म्हणून बाजूला टाकतो आणि पडत्या भावात देतो. थंडीत रात्री गार पडल्या की परागीभवन नीट होत नाही, बी असमान धरतं, फळ वाकडं, चपटं होतं; तीही तिथेच पडलेली असते. चवीत आणि सत्त्वात या दोन्हींत काही कमी नाही. ती घ्या. पण घासाघीस करून घेऊ नका; चकचकीत हिरव्या मिरचीला जो भाव देता तोच द्या, आणि पुढच्या बाजारी अशीच आणायला सांगा.